आडनाव खारे, कूळ वेगळे

परभणी जिल्ह्यातल्या बोरीहून जिंतूर आणि मग मंठ्याच्या बाजूने निघाले की काळ्या रानातली वाट अखेर लोणारच्या विवरापाशी येऊन ठेपते. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा, आणि तळाशी खाऱ्या-अल्कधर्मी पाण्याचे सरोवर. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, एरवी हिरवट दिसणारे हे पाणी गुलाबी झाले. फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरले आणि तर्कांना ऊत आला. कुणी शेवाळ म्हणाले, कुणी प्रदूषण, कुणी कोप. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या बदलाची दखल घेतली. पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. जुलैत आघारकर संस्थेचा निष्कर्ष आला : पाऊस कमी, ऊन कडक, बाष्पीभवनाने खारेपणा वाढला, आणि त्यात 'हॅलोआर्किया' नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची संख्या इतकी फोफावली की त्यांच्या अंगातल्या रंगाने पाणी रंगले. बातम्यांत मात्र या जीवांना सरसकट जिवाणू म्हटले गेले. ते चूक होते. पण या चुकीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि ती पहिल्यांदा केली ती जगातल्या जाणत्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनीच.

या इतिहासातून एक गोष्ट लख्ख दिसते, असे मला वाटते. आपल्याकडे बोरीकर, जिंतूरकर, लोणारकर अशी आडनावे असतात. त्या आडनावावरून माणूस कुठला ते कळते. कुणाचा ते कळत नाही. दोन लोणारकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही, आणि सख्ख्या चुलत्याचे आडनाव गाव बदलल्यामुळे वेगळे असू शकते. 'मीठप्रेमी' हे विशेषण असेच गावावरून पडलेले आडनाव आहे. मिठात राहतो म्हणून मीठप्रेमी. शास्त्रज्ञांनी सुमारे अर्धशतक या आडनावाला कूळ मानले आणि त्यावरून सोयरीक ठरवली. ती मोडली तेव्हा नुसते एक कूळ इकडचे तिकडे गेले नाही, सजीवसृष्टीची सगळी मांडणी बदलली.

आधी लोणारपासूनच सुरुवात करू, कारण मिठाचे वर्गीकरण तिथे फार जुने आहे. ब्रिटिश अधिकारी जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या सरोवराची नोंद केली, तरी त्याच्या कितीतरी आधी, अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाडच्या वर्णनात लोणार येते : काच आणि साबण करण्याला लागणारा माल इथे मिळतो, आणि त्यातून सरकारला उत्पन्न होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर साचणारा क्षार लोक गोळा करत. त्याला एकच नाव नव्हते. दल्ला, निमक, खुप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार होते. नावे ऐकूनच कळते की पापडी पापुद्र्यासारखी असणार आणि भुस्की भुसभुशीत. हे वर्गीकरण दिसण्यावरून आणि कामावरून केलेले होते, आणि त्या कामापुरते अगदी चोख होते. कुठल्या क्षाराला काय भाव, कुठला कशाला चालतो, एवढे त्यातून कळायला हवे होते आणि ते कळत होते. दिसण्यावरून आणि राहणीवरून केलेले वर्गीकरण टाकाऊ असते असे कुणी म्हणू नये. अडचण तेव्हा येते, जेव्हा त्याच्याकडून नात्याचा पुरावा मागितला जातो.

खारे पाणी लाल होते हे जगभरच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत नेले, की मीठ धरण्याच्या शेवटच्या वाफ्यांत ते गुलाबी ते विटकरी होते. कारण शोधायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 'बीगल' जहाजावरच्या प्रवासात डार्विनने १८३३ मध्ये पाटागोनियातली मिठाची सरोवरे पाहिली. पाण्याची लाली त्याने सूक्ष्म जीवांच्या माथी मारली आणि तिथल्या रोहित पक्ष्यांचीही नोंद केली. लोणारलाही रोहित येतात, हा योगायोग नाही. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग असल्याच पाण्यातल्या खाद्यातून येतो. त्याच दशकात फ्रान्समध्ये या प्रश्नावर खल झाला. पायेन यांनी लालीचे श्रेय मिठागरातल्या आर्टेमिया नावाच्या इवल्या कोळंबीसारख्या प्राण्याला दिले. १८३८ मध्ये द्यूनाल यांनी ते एका एकपेशीय शैवालाला दिले. पुढे १९०५ मध्ये तेओदोरेस्कु यांनी त्या शैवालाला द्यूनाल यांच्याच नावावरून 'ड्युनालिएला सलिना' हे नाव दिले. शैवालाचे म्हणणे खोटे नव्हते. ड्युनालिएला खरोखरच नारिंगी-लाल होते. पण लालीला एकच कारण असले पाहिजे, हे गृहीतच लंगडे होते. २०२० मध्ये लोणारबद्दल पहिला तर्क शैवालाचाच निघाला, तो याच जुन्या वाटेने.

प्रश्न प्रयोगशाळेत शिरला तो मात्र व्यापाऱ्यांच्या तोट्यामुळे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले ग्लॉस्टर हे कॉड माशाच्या खारवणीचे मोठे बंदर. उन्हाळ्यात साठवलेले खारे मासे लाल पडायचे, वास मारायचे, माल फुकट जायचा. तिथल्या मत्स्य आयोगाने वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम फार्लो यांना कारण शोधायला सांगितले. १८८० मध्ये त्यांनी जो अहवाल दिला त्यातला मुख्य मुद्दा आजही खरा आहे : खोट माशात नसून मिठात आहे. स्पेनच्या कादिझहून येणाऱ्या समुद्री मिठातच हे लाल जीव जिवंत येतात. म्हणजे टिकवण्यासाठी जे वापरले तेच नासाडीचे बीज घेऊन आले. आपल्या कोकणात मासे खारवून सुकवणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही, पण त्या काळच्या विज्ञानाला वाटले. मीठ जिवाणूंना मारते, म्हणून तर आपण लोणच्यात मीठ घालतो. मग मिठातच वाढणारे हे कोण? फार्लो यांनी त्याला तेव्हाच्या समजुतीप्रमाणे एक नाव दिले. ते टिकले नाही.

त्यानंतर नावांची नुसती रांग लागली. १९१९ मध्ये जर्मनीत क्लेबान यांनी लाल माशातून एक 'बॅसिलस' वेगळा केला. १९२२ मध्ये कॅनडात हॅरिसन आणि केनेडी यांनी कॉडमधलाच जीव 'स्यूडोमोनस सलिनारिया' म्हणून नोंदवला. १९३१ मध्ये नेदरलँड्समध्ये हेलेना पेटर यांनी 'बॅक्टेरियम हॅलोबियम'चा अभ्यास करून लाल रंगद्रव्य गाजरातल्या कॅरोटिनच्या जातकुळीचे असल्याचे दाखवले. १९३४ मध्ये लॉकहेड यांना खारवलेल्या कातड्यांवर लाल डाग पाडणारा जीव सापडला. त्याच्या नावात त्यांनी कातडे घातले : 'कुटिरुब्रा', म्हणजे कातडे लाल करणारी. मृत समुद्रात काहीच जगत नाही हा समज १९३६ मध्ये बेंजामिन एलझारी-वोल्कानी यांनी मोडला. जिवाणूशास्त्राचा प्रमाणग्रंथ म्हणजे 'बर्जीज मॅन्युअल'. त्याच्या १९५७ च्या सातव्या आवृत्तीत हेच एलझारी-वोल्कानी या सगळ्यांना 'हॅलोबॅक्टेरियम' या एका प्रजातीत घेऊन आले. हॅलो म्हणजे मीठ. पुढची गंमत अशी की मासा, कातडे आणि मीठ यांवरून पडलेली सलिनारियम, कुटिरुब्रम आणि हॅलोबियम ही तीन नावे प्रत्यक्षात एकाच जातीची होती. १९९६ मध्ये व्हेन्तोसा आणि ओरेन यांनी ती एकत्र केली. जीव एकच, आणि ज्या दुकानात सापडला त्या दुकानाची पाटी त्याच्या गळ्यात.

ही सगळी मंडळी चुकत का गेली? आळस किंवा अडाणीपणा हे कारण नव्हते. जिवाणू ओळखायला तेव्हा हातात काय होते? सूक्ष्मदर्शकाखालचा आकार, ग्रॅमच्या रंगाची परीक्षा, शेपटीसारखे कशाभ कुठे आहेत ते, हवा लागते की नाही, कोणती साखर पचते. हॅलोबॅक्टेरियम काडीच्या आकाराचा, ग्रॅम-ऋण, हवेत जगणारा. याच खुणा स्यूडोमोनसच्या. फॉर्मवर जेवढे रकाने होते त्या सगळ्यांत उत्तर जुळत होते. जो रकाना छापलेलाच नव्हता, त्याची उणीव कुणाला जाणवणार?

१९७४ मध्ये बर्जीच्या आठव्या आवृत्तीत ओटावाचे नॉर्मन गिबन्स यांनी या जीवांना स्वतंत्र कूळ दिले : हॅलोबॅक्टेरिएसी. त्यात दोन प्रजाती, काडीचा हॅलोबॅक्टेरियम आणि गोल हॅलोकोकस. या कुळाला जागा मिळाली ती ग्रॅम-ऋण, हवाजीवी काड्या आणि गोलकांच्या प्रकरणात. शेजारी कोण? स्यूडोमोनसचे कूळ, ॲझोटोबॅक्टरचे कूळ आणि रायझोबियमचे कूळ. बोरी-जिंतूरच्या शेतकऱ्याला ही शेवटची दोन नावे पुस्तकातून शिकवावी लागत नाहीत. तूर, हरभरा, सोयाबीन पेरताना बियाण्याला चोळायचे जिवाणू खत म्हणजे रायझोबियम. मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारा. १९७४ च्या अधिकृत मांडणीप्रमाणे लोणारच्या पाण्यातला गुलाबी जीव आणि तुरीच्या मुळावरचा गाठीतला जीव हे एका वाड्यात राहणारे शेजारी होते. आज आपल्याला माहीत आहे की या दोघांतले अंतर तुरीचे झाड आणि ते उपटणारा माणूस यांच्यातल्या अंतरापेक्षाही मोठे आहे.

गिबन्स यांच्यावर हसायचे कारण नाही. उलट या इतिहासातला सगळ्यात विचारात पाडणारा माणूस तोच. १९६२ मध्ये सहगल आणि मॉरिस केट्स यांच्यासोबत हॅलोबॅक्टेरियमच्या स्निग्ध पदार्थांवर जो निबंध आला, त्यात गिबन्सही लेखक होते. त्यांना दिसले होते की या जीवाच्या पेशीपटलातले स्निग्ध पदार्थ बाकी जिवाणूंसारखे नाहीत. जिवाणूत, शैवालात, तुमच्या-आमच्यात मेदाम्लांच्या साखळ्या ज्या बंधाने जोडलेल्या असतात त्याला एस्टर म्हणतात. इथे साखळ्याही वेगळ्या आणि बंधही वेगळा, ईथरचा. पुढे कळले की पेशीभित्तीतला पेप्टिडोग्लायकन हा जिवाणूंचा ठेवणीतला पदार्थही यांच्याकडे नाही; पेनिसिलिन ज्यावर घाव घालते तेच इथे नाही. १९७१ मध्ये ओएस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांना त्यांच्या पटलात जांभळे ठिपके सापडले, आणि त्यात आपल्या डोळ्यातल्या द्रव्यासारखे प्रकाश टिपणारे प्रथिन, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. इतक्या विसंगती हातात असून कूळ मात्र ग्रॅम-ऋण जिवाणूंतच राहिले. कारण प्रत्येक विसंगतीला एक तयार उत्तर होते : मिठात राहायचे म्हणून असे झाले असेल. परिस्थितीने घडवलेली लहर. गावाने माणसाला जे शिकवले तेच त्याचे रक्त, असे मानल्यासारखे ते झाले.

हे उत्तर अगदीच बिनबुडाचे नव्हते, कारण मिठाचा या जीवावरचा पगडा खरोखरच विलक्षण आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असते. यांना वाढायला निदान त्याच्या अडीच पट, आणि पुष्कळांना त्याहून कितीतरी जास्त लागते. गोड्या पाण्याचा एक थेंब सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर डोळ्यांदेखत काय घडते? सरळ काड्या आधी वाकड्या होतात, मग फुगून गोल होतात, आणि फुटतात. आतला डीएनए बाहेर सांडून द्रव चिकट, ताराळ होतो. पेशीभित्तीला मिठाचाच आधार, त्यामुळे मीठ गेले की भिंत गेली. पेशीच्या आत हा जीव पोटॅशियम क्लोराइड खच्चून भरतो, बाहेर जितके मीठ तितकेच आत क्षार, आणि त्याची सगळी प्रथिने त्या खारटपणातच काम करायला बनलेली. असा जीव पाहून 'याचे सगळे मिठामुळे' असे वाटणे साहजिक होते.

उत्तर मिळायचे तर मिठाशी काडीचाही संबंध नसलेला पुरावा हवा होता. तो इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोझ यांनी शोधला. प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात. त्यांच्या आतल्या आरएनएचा एक रेणू, ज्याला १६-एस म्हणतात, इतका मूलभूत असतो की तो फार हळू बदलतो. राहणी काहीही असो, तिच्या सोयीसाठी हा रेणू बदलत नाही. वोझ यांच्या प्रयोगशाळेत जीवाला किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घालायचे, त्याचा आरएनए काढायचा, विकराने त्याचे तुकडे करायचे, ते विद्युतप्रवाहाने कागदावर पसरवायचे आणि वर क्ष-किरणांची फिल्म ठेवायची. फिल्मवर काळे ठिपके उमटायचे. उजेडाच्या टेबलावर फिल्म पसरून वोझ तासन्‌तास ते ठिपके वाचत बसत, एकेक तुकडा ओळखत. पत्रिका जुळवणाऱ्या जोशीबुवांसारखे काम, फक्त इथे ग्रहांच्या जागी रेणू. १९७७ मध्ये वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव जिवाणूंत बसत नाहीत. ती एक वेगळीच शाखा आहे. त्यांना त्यांनी आर्किबॅक्टेरिया म्हटले. ३ नोव्हेंबर १९७७ च्या 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ही बातमी आली आणि अनेक दिग्गजांनी नाक मुरडले.

दुसऱ्याच वर्षी आपल्या कुळाची पाळी आली. १९७८ मध्ये मॅग्रम, लुअर्सन आणि वोझ यांनी हॅलोबॅक्टेरियमचा आरएनए वाचला आणि निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला : अतिमीठप्रेमी खरोखर 'बॅक्टेरिया' आहेत का? उत्तर नाही असे होते. ठिपके स्यूडोमोनसशी जुळत नव्हते, रायझोबियमशीही नाही. जुळत होते ते मिथेन करणाऱ्यांशी. म्हणजे चिखलाच्या काळोखात, हवेचा स्पर्शही न सोसणारे, गोड्या पाण्याच्या दलदलीतही राहणारे जीव, आणि उन्हात, हवेत, मिठात लाल होणारे जीव, यांचे रक्त एक निघाले. ईथरचा बंध, पेप्टिडोग्लायकन नसणे या सगळ्या 'लहरी' दोघांत समान आहेत, हे मग लक्षात आले. त्या मिठाने दिलेल्या नव्हत्या, वाडवडिलांकडून आल्या होत्या. १९९० मध्ये वोझ, कांडलर आणि व्हीलिस यांनी सजीवांची तीन अधिक्षेत्रे मांडली : बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. वनस्पती, प्राणी, बुरशी हे सगळे तिसऱ्यात. लोणारचे गुलाबी जीव दुसऱ्यात. नियमांमुळे जुनी नावे मात्र सुटली नाहीत. आधी दिलेले नाव कायम राहते. त्यामुळे कुळाचे नाव आजही हॅलोबॅक्टेरिएसीच आहे आणि वर्गाचे हॅलोबॅक्टेरिया, ज्यात बॅक्टेरिया एकही नाही. वर्तमानपत्रांनी २०२० मध्ये 'जिवाणू' लिहिले त्याचा निम्मा दोष या नियमाकडे जातो.

खरे मीठप्रेमी बॅक्टेरियाही आहेतच, आणि इथेच आडनावाचा घोळ पुरा होतो. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाच्या मिठागरातून मिळालेल्या जीवाला १९८० मध्ये व्हरीलँड आणि सहकाऱ्यांनी 'हॅलोमोनस' नाव दिले, आणि १९८८ मध्ये फ्रान्झमान, वेमायर आणि श्टाकेब्रांट यांनी हॅलोमोनाडेसी हे कूळ मांडले. दोन्ही नावांची सुरुवात एकाच हॅलोने होते, दोन्ही मिठात राहतात, आणि दोघांच्या मिठात राहण्याच्या तऱ्हा सर्वस्वी वेगळ्या आहेत. हॅलोमोनस पेशीत मीठ भरत नाही. तो एक्टोईनसारखी सौम्य सेंद्रिय द्रव्ये साठवून बाहेरच्या खारटपणाला तोलतो. मीठ कमी झाले तरी तो फुटत नाही, निवांत जुळवून घेतो. लोणारच्या पाण्यात हे दुसरे कूळही नांदते. आघारकर संस्थेत प्र. प्र. कानेकर आणि सहकाऱ्यांनी लोणारमधून 'हॅलोमोनस कॅम्पिसॅलिस' वेगळा करून तो पेशीत साठवत असलेल्या, निसर्गात कुजून जाणाऱ्या प्लास्टिकचा अभ्यास केला. त्याच सरोवरातून हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१० मध्ये 'इंडिबॅक्टर' ही नवी प्रजाती आणि २०१२ मध्ये 'सेसेम्बिया लोनारेन्सिस' नोंदवली. सेसेम्बिया हे नाव त्या केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, आणि जातीचे नाव लोणारवरून. म्हणजे या बिचाऱ्याला पुन्हा गावाचेच आडनाव मिळाले, पण या वेळी जाणूनबुजून, कूळ वेगळे लिहून झाल्यावर.

वोझ यांच्यानंतर हॅलोबॅक्टेरिएसीत नावांचा पूर आला. १९८४ मध्ये टिंडाल, रॉस आणि ग्रांट यांनी केनियातल्या मगादी या सोडा सरोवरातून नेट्रोनोबॅक्टेरियम आणि नेट्रोनोकोकस मांडले. लोणारसारख्या अल्कधर्मी पाण्यातल्या हॅलोआर्कियांचा अभ्यास त्यामुळे रुळावर आला. १९८० मध्ये वॉल्सबी यांनी सिनाईच्या खाऱ्या डबक्यात पापडाच्या चौकोनी तुकड्यासारखा सपाट जीव पाहिला होता. तो प्रयोगशाळेत वाढवायला २००४ उजाडले. २०१५-१६ मध्ये राधेश्याम गुप्ता यांच्या गटाने कॅनडात जनुकसंचांच्या आधारे एका कुळाची सहा कुळे केली. २०२३ मध्ये हॅलोमोनस या प्रजातीचीही फोड होऊन कित्येक जातींची नावे बदलली. यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे : दर दहा वर्षांनी नाव बदलायचे तर यातले खरे काय? पण बदल कोणत्या दिशेने झाला ते पाहावे. १९७८ नंतर कुणीही हॅलोबॅक्टेरियमला स्यूडोमोनसच्या घरात परत नेलेले नाही, नेण्याचा प्रस्तावही नाही. वाटण्या झाल्या त्या घरातल्या घरात : हा भाऊ धाकटा की चुलत, एवढ्यापुरत्या. सातबाऱ्यावर पोटहिस्से पडले म्हणून गट नंबर खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि तो मिठाच्या बाजूने बोलतो. सूक्ष्मजीव एकमेकांची जनुके उचलतात. वारसा फक्त आईबापांकडूनच येत नाही. २०१२ मध्ये एका संशोधनाने दाखवले की हॅलोआर्कियांत सुमारे हजार जनुके बॅक्टेरियांकडून आलेली आहेत; मिथेन करणाऱ्या पूर्वजाने ती घेतली, म्हणून त्याला हवेत जगता येऊ लागले. ती एका झटक्यात आली की हळूहळू, यावर वाद आहे, पण आली हे नक्की. मग ज्या जीवाच्या संसारातला एवढा ऐवज शेजाऱ्याकडून आला, त्याचे कूळ रायबोसोमच्या एका रेणूवरून ठरवणे कितपत बरोबर? मला वाटते, या आक्षेपाने कुळाची कल्पना मोडत नाही, तिची मर्यादा कळते. दत्तक आलेल्या वस्तू घरात कितीही असल्या तरी त्या दत्तक आहेत हे ओळखता येते, ते मूळ वंशावळ हाताशी असते म्हणूनच. ती हजार जनुके बाहेरची आहेत हे ठरवायलाच आधी रेणूंवरून काढलेले नाते लागले. मिठाच्या जोरावर हा हिशोब कधीच जुळला नसता.

उरतो तिसरा, साधा प्रश्न : लोणारला हे सगळे कळून काय उपयोग? पाणी गुलाबी दिसायचे ते दिसणारच. पण उत्तर शैवाल असते तर न्यायालयासमोर आणि वनखात्यासमोर एक चित्र उभे राहिले असते, हॅलोआर्किया म्हटल्यावर वेगळे राहते. ज्या जीवाची पेशी कमी मिठात फुटते, तो पाणी भरभरून रंगवण्याइतका वाढला याचा अर्थ त्या पाण्याचा खारेपणा त्या उन्हाळ्यात खूपच चढला होता. रंग हा मोजमापच झाला. पाऊस पडला, काठच्या 'धार' नावाच्या झऱ्यासारख्या झऱ्यांचे पाणी आले, की खारटपणा उतरणार आणि रंगही जाणार. आघारकरच्या निष्कर्षातही हे जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा मूळ रंगावर येते असेच होते, आणि झालेही तसेच. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली तेव्हा त्याचे पाणी पुन्हा नेहमीसारखे होते.

त्या तळाच्या गाळातले एक काम मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाही. गुलाबी पाण्याच्या तेरा वर्षे आधी, २००७ मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि आघारकर संस्थेतल्या दिलीप रानडे यांच्या गटाने लोणारच्या गाळातले मिथेनकर्ते वाढवून त्यांचा वंश तपासला होता. त्यात मिथेनोकॅल्क्युलस आणि मिथेनोक्युलियस सापडले. हे दोन्ही आर्किया, आणि हॅलोआर्कियांच्या सर्वात जवळच्या नातलगांपैकी. पृष्ठभागावर जून महिन्यात रंगलेल्या त्या जीवांच्या शेजारी पाण्यात हॅलोमोनस तरंगत होता, आडनावाने त्यांचाच. खरे भाऊबंद काही मीटर खाली होते, हवा नसलेल्या काळ्या चिखलात, आणि त्यांना रंग नव्हता.